दारू सोडायची आहे. समूह कुठे सापडेल?

दारू सुटावी म्हणून घरात आजवर काय काय करून झालं, हे बहुतेक कुटुंबांना पाठ असतं. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, कुलदैवताला बोललेला नवस, पगार परस्पर बायकोच्या हातात देण्याची व्यवस्था, संगत सुटावी म्हणून बदललेलं गाव. या सगळ्या उपायांत पिणारा माणूस एकटाच असतो. शपथ त्याने एकट्याने घ्यायची, एकट्याने पाळायची आणि मोडली की तोंडही एकट्यानेच लपवायचं. आधारगट नेमका या एकटेपणावर इलाज करतो. त्याच वाटेने गेलेली, पडलेली आणि उठलेली माणसं आठवड्यातून काही वेळा एका खोलीत जमतात आणि आजचा दिवस न पिता काढायला एकमेकांना मदत करतात.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. उरलेल्यांना मदत नकोच होती असं नाही. कुठे जायचं, कुणाला विचारायचं आणि विचारलं तर गावभर होईल का, या तीन प्रश्नांपाशीच पुष्कळजण थांबतात.

समूहाच्या शोधाला लागण्याआधी एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोट घेतल्याशिवाय थांबत नाहीत, अशी ज्याची अवस्था आहे त्याने ‘उद्यापासून बंद’ म्हणून एका झटक्यात दारू तोडू नये. आधी डॉक्टर गाठावा. रोज भरपूर पिणाऱ्या शरीराला दारूविना राहण्याची सवयच उरलेली नसते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, ताप चढतो, आपण कुठे आहोत याचं भान राहत नाही. डॉक्टर त्याला ‘डीटी’ म्हणतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. योग्य औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे चार-पाच दिवस सुखरूप पार पाडता येतात. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हे काम करतो. समूह हा त्यानंतरच्या सगळ्या दिवसांसाठी असतो. औषध थरथर थांबवतं, पण शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मित्राचा फोन आला की काय करायचं, हे औषध सांगत नाही.

याच्याच जोडीला, भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात, त्यांच्यापासून लांब राहा. भाजीत किंवा चहात कालवून द्यायच्या अशा पुड्यांमध्ये काय असेल याचा भरवसा नसतो. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने देतात. तेच नकळत पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. शिवाय ज्याला फसवून बरं करायचं ठरवलं, तो पुढे आपल्यावर विश्वास तरी का ठेवेल?

आता समूहांकडे वळू. जगात सर्वांत जास्त पसरलेला समूह म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए. त्याची सुरुवातच एका शोधातून झाली. मे १९३५ मध्ये न्यू यॉर्कचा बिल नावाचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला. हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच उभा, खिशात पैसे थोडे, आणि पलीकडच्या बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येताहेत. आपण आता पिणार, हे त्याला उमगलं. मग लॉबीतल्या फोनवरून गावातल्या एका धर्मगुरूला आणि मग एकामागून एक इतरांना फोन लावत तो विचारत राहिला, की एखादा दारुडा इथे ओळखीचा आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब या शल्यविशारदाशी. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं बजावून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. बिलने त्यांना उपदेश केला नाही, फक्त स्वतःची हकिकत सांगितली. डॉ. बॉब यांनी त्यानंतर एकदा पुन्हा प्यायली, आणि १० जून १९३५ रोजी घेतलेला घोट शेवटचा ठरला. ती तारीख ए.ए.चा वाढदिवस मानली जाते. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

या गोष्टीत एक बारकावा आहे. बिल डॉक्टरांना वाचवायला गेला नव्हता. स्वतः प्यायला जाऊ नये म्हणून गेला होता. नवख्या माणसाला म्हणूनच समूहात ओझं समजत नाहीत. जुन्या सदस्याला नव्याची तितकीच गरज असते. पहिल्यांदा फोन करताना ‘उगीच कुणाला त्रास’ असा संकोच वाटतो तेव्हा हे आठवावं.

पत्ता काढायच्या वाटा अनेक आहेत. ए.ए.चं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे आणि शहरवार बैठकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. मुंबई, पुणे अशा शहरांत मराठी, हिंदी, इंग्रजी बैठका वेगवेगळ्या होतात. गोव्यात कोकणीतूनही होतात. इंटरनेटचा सराव नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात समाजसेवकांना विचारा. त्यांच्याकडे स्थानिक सदस्यांचे नंबर बहुधा असतातच, कारण हे सदस्य वॉर्डांत येऊन रुग्णांशी बोलतात. सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ आहे. मन फारच खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

फोन लागला की नुसतं ‘ए.ए. कुठे आहे’ असं विचारून ठेवून देऊ नका. मराठीतून चालणारी जवळची बैठक कोणती, वार आणि वेळ काय, ती ओपन आहे की क्लोज्ड, आणि दारात कुणाला भेटायचं, एवढं विचारून घ्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. अनोळखी इमारतीच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलेली माणसं थोडी नाहीत. ‘मी पावणेसातला फाटकाशी उभा राहतो’ असं कुणी म्हणालं की पाय आत पडतो. अनेकदा सदस्य घरी येऊन भेटायलाही तयार असतात. ओपन बैठकीला घरचे, डॉक्टर, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. क्लोज्ड बैठक फक्त दारूचा त्रास असलेल्यांची. बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर सुरुवात ओपन बैठकीने करावी.

आत काय होतं, याची भीती सर्वांत मोठी असते. बैठक बहुतेक वेळा शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात किंवा दवाखान्याच्या एखाद्या खोलीत भरते. शाळेचा वर्ग असेल तर मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसलेली असतात, फळ्यावर दुपारची गणितं तशीच असतात, आणि टेबलावर माहितीपत्रकं व पुस्तकं मांडलेली असतात. हजेरीपट नसतो. नाव लिहून घेत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, फोटो काढत नाहीत. आज ज्याची अध्यक्षाची पाळी असेल तो सुरुवात करतो. ए.ए. म्हणजे काय याचा छोटा उतारा वाचला जातो, क्षणभर शांतता पाळली जाते, मग एकेकजण बोलतो. आपलं नाव सांगायचं, मी मद्यपी आहे म्हणायचं, आणि मग तीन गोष्टी सांगायच्या: पीत होतो तेव्हा काय होतं, काय घडलं, आणि आता कसं आहे.

त्या बोलण्यात मोठे सिद्धान्त नसतात. पाण्याच्या टाकीत लपवलेली क्वार्टर असते. मुलीच्या शाळेच्या फीचे पैसे असतात. पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून न जाता लांबच्या रस्त्याने घरी गेल्याचं सांगितलं जातं. नवख्याच्या छातीत पहिल्यांदा काही हलतं ते इथे, कारण टाकीतली क्वार्टर ही त्याला वाटत होतं फक्त त्याचीच अक्कल. बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नवख्याने बोलायलाच हवं असं नाही. ‘आज फक्त ऐकायला आलोय’ एवढं पुरतं. शेवटी डबा किंवा पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, नव्या माणसाने टाकले नाहीत तरी चालतं. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. ए.ए. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही आणि सदस्यत्वाला फी नाही. ए.ए.च्या नावाने कुणी प्रवेशशुल्क मागत असेल तर ती ए.ए. नव्हे. तासा-दीड तासाने प्रार्थना होऊन बैठक संपते, आणि खरं काम पुष्कळदा त्यानंतरच्या चहावर होतं, फोन नंबर घेता-देता.

ते नंबर घ्या आणि वापरा. तलफ येते तेव्हा ती कायमची वाटते, प्रत्यक्षात तास-अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहणं, हे समूहाचं सर्वांत साधं आणि सर्वांत उपयोगी तंत्र आहे. जुने सदस्य फोनवर आधी विचारतात, जेवलास का, कुणावर चिडलायस का, एकटा आहेस का, झोप झाली का. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपैकी एक तरी बहुतेक तलफेच्या मागे असतो. लवकरच एखाद्या अनुभवी सदस्याला स्पॉन्सर व्हायला सांगायचं असतं. ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातून तो बरोबर चालतो, मागच्या चुकांचा हिशोब मांडायला आणि ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करायला मदत करतो. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई स्पॉन्सर निवडावा, हा संकेत अनुभवातून आलेला आहे.

एका बैठकीवरून समूहाबद्दल मत बनवू नका. प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे वयस्कर निवृत्त मंडळी, कुठे रिक्षावाले आणि कारखान्यातले कामगार, कुठे इंग्रजी बोलणारे तरुण. निदान पाच-सहा बैठका, त्याही दोन-तीन वेगळ्या समूहांत, करून बघाव्यात. सुरुवातीचे तीन महिने रोज एक बैठक अशी पद्धत पुष्कळजण पाळतात. निवड करताना मी तरी तीन गोष्टी बघायला सांगेन: दहा-पंधरा वर्षं न प्यायलेली माणसं तिथे नियमित येतात का, नव्या माणसाकडे कुणी आपणहून येऊन बोलतं का, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद कर असं तिथे कुणी सांगतं का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो सल्ला ऐकू नका. औषधांबाबत निर्णय डॉक्टरांचा, आणि ए.ए.चं स्वतःचं साहित्यही तेच सांगतं.

देवाचा प्रश्न हमखास येतो. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आपल्याला तो जसा उमजला तसा’ या अटीसह. कुणी त्या जागी विठ्ठल ठेवतो, कुणी समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतो. तरीही ज्याला हे अजिबात पचत नाही त्याने खोटं नाटक करू नये. १९९४ पासून चालणारा स्मार्ट रिकव्हरी हा कार्यक्रम देवाधर्माशिवाय, विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर चालतो आणि त्याच्या बैठका ऑनलाइन मिळतात. ए.ए.चा उपयोग नुसता श्रद्धेचा आहे असंही समजू नका. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले.

आपल्याकडे याहून जुनी एक रीत आहेच. तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत भेटतील. नुसत्या माळेने ती सुटलेली नसते. माळ घातली की एकादशी येते, संध्याकाळचं भजन येतं, दिंडी येते, आणि रोजच्या बसण्या-उठण्याची माणसंच बदलतात. ज्याला ती वाट जवळची वाटते त्याने ती जरूर धरावी. फक्त तिथे पिण्याबद्दल उघडपणे बोलता येईल असं एक तरी माणूस शोधावं.

संस्थांचीही वाट आहे. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. अनिल अवचटांच्या गर्द या अमली पदार्थावरच्या लेखांनी अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक पाठबळ दिलं. तिथले अनेक समुपदेशक एकेकाळी तिथेच रुग्ण होते, म्हणजे उपचारकेंद्राच्या आतच समदुःखी माणसांचा आधार विणलेला आहे. बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका होतात आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. वांद्र्यात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड देतं. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान गावागावांत संघटना उभ्या करून आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार देऊन काम करतं. खासगी केंद्रात कुणाला दाखल करायचं असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का हे आधी पाहा, आणि घरच्यांना भेटू देतात का तेही विचारा. मारहाण करून दारू सोडवणाऱ्या जागा आहेत. त्यांना व्यसनमुक्ती केंद्र म्हणणं चूक आहे.

समूह आधी कोण शोधतं? बहुतेक वेळा घरातली बाई. पिणारा अजून ‘मला काही प्रॉब्लेम नाही’ म्हणत असतो आणि तिच्या हाती नंबर आलेला असतो. तिने त्याच्यासाठी थांबू नये. अल-अ‍ॅनॉन हा कुटुंबीयांचा वेगळा समूह १९५१ मध्ये सुरू झाला; पिणारा अजून पीत असो वा नसो, तिला तिथे जाता येतं. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. बाटल्या शोधून ओतणं, साहेबाला खोटं सांगून रजा मिळवणं, उधारी भागवणं, हे सगळं थांबवायचं कसं आणि अपराधी न वाटता थांबवायचं कसं, हे दुसरी अशीच बाई जितकं नीट सांगते तितकं कुणी सांगत नाही. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२.

स्वतः पिणाऱ्या स्त्रीची वाट अधिक अवघड आहे. ती पिते हे घर लपवतं, आणि पुरुषांनी भरलेल्या खोलीत शिरणं तिला नको वाटतं. म्हणून फोनवरच ‘बाईशी बोलायचं आहे’ असं स्पष्ट सांगावं. मोठ्या शहरांत केवळ महिलांच्या बैठका होतात, मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा महिलांसाठीचा विभाग आहे. कोविडच्या टाळेबंदीत बैठका झूमवर गेल्या आणि त्यातल्या अनेक तिथेच टिकल्या. कॅमेरा बंद ठेवून, दुसरं नाव लावून ऐकता येतं. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसालाही भारतातल्या बैठकीत आपल्या भाषेत बसण्याची ही सोय झाली आहे.

मध्येच पिणं झालं तर? सदस्य त्याला ‘स्लिप’ म्हणतात. अशा वेळी बैठकीला तोंड दाखवायची लाज वाटते आणि नेमकी तीच लाज दुसरा, तिसरा घोट पाजते. दुसऱ्याच दिवशी जावं आणि सांगून टाकावं. खोलीतल्या पुष्कळांनी ते केलेलं असतं. पण स्लिपनंतर रोजचं भरपूर पिणं पुन्हा सुरू झालं असेल तर पुन्हा डॉक्टरांपासून सुरुवात करायची, वर सांगितलेल्या कारणासाठीच.

आणि तालुक्यात समूहच नसेल तर? पहिल्या काही महिन्यांसाठी जवळच्या शहरातल्या आणि ऑनलाइन बैठका धराव्यात. तोवर गावातला दुसरा एक माणूस भेटतोच. डॉक्टर किंवा व्यसनमुक्ती केंद्र त्याची गाठ घालून देतं. दारू सोडण्याच्या इच्छेने दोन माणसं एकत्र बसली की ए.ए.च्या परंपरेनुसार समूह झाला. मुंबईच्या कार्यालयाला कळवलं की मराठी पुस्तकं मागवता येतात, आणि शेजारच्या शहरातले जुने सदस्य सुरुवातीच्या बैठकांना येऊन बसतात. खोली शाळेची किंवा ग्रामपंचायतीची मागावी. वार आणि वेळ एकदा ठरवली की बदलू नये, दोघांपैकी एकाने तरी ठरल्या वेळी कुलूप उघडावं, आणि बैठकीचा वार जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात लेखी देऊन ठेवावा, म्हणजे पुढचा विचारायला आला की त्याला पत्ता मिळेल.